कालनिर्णयवरच्या तीन खुणा

हे लिहू की नको, असं गेले कित्येक दिवस चाललं होतं. लिहायला बसलो की स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज यायचा, "झालं का लिहून?" आणि मी म्हणायचो, "बघू." विषयच तसा आहे. आमच्या पिढीने हा शब्द उच्चारायचा म्हणजे आधी खाकरायचं, मग आवाज खाली आणायचा आणि शेवटी नुसतंच 'तो रोग' म्हणायचं. पण ज्याची ही गोष्ट आहे त्यानेच परवा फोन करून सांगितलं, "सर, लिहा तुम्ही. फक्त माझं नाव नको." म्हणून लिहितोय. नाव नाहीच, नोकरी, गाव, तारखा यांतही फेरफार केलाय. दिवसांचा हिशेब मात्र होता तसाच ठेवलाय, कारण सगळी गोष्टच त्या हिशेबाची आहे.

तर झालं असं. सप्टेंबर संपत आला होता आणि पाऊस काही संपत नव्हता. मी संध्याकाळी खारेगावच्या बाजूला चक्कर मारायला जातो. जातो म्हणजे काय, गुडघे नेतील तिथवर. कळव्यात इतकी वर्षं मास्तरकी केल्यावर रस्त्यात जुने विद्यार्थी भेटणं हे रोजचंच. रिक्षा स्टँडवर भेटतात, भाजीवाल्याकडे भेटतात, शिवाजी हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत भेटतात. "सर, ओळखलंत का?" हा प्रश्न ठरलेला आणि माझं "चेहरा ओळखला, नाव सांग" हे उत्तरही ठरलेलं. त्या दिवशी जो भेटला त्याला मात्र नावानिशी ओळखला. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, निबंध छान लिहायचा. आता तिशीला आलाय. चार डिसेंबरला लग्न ठरल्याचं कानावर आलंच होतं, त्यामुळे मला वाटलं पत्रिका द्यायला थांबला असेल.

"सर, थोडं बोलायचं होतं," म्हणाला. आम्ही एका बाकावर बसलो. बराच वेळ तो काही बोलेना. मग एकदम, एका दमात बोलला. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेला होता, शेवटच्या रात्री मित्रांबरोबर पार्टी झाली, आणि मग... "आणि सर, काही वापरलं नव्हतं."

"काय वापरलं नव्हतं?" मी विचारलं.

मंडळी, हसू नका. खरंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला अर्धं मिनिट गेलं. तो बिचारा मान खाली घालून बसला होता आणि मी शुद्धलेखन तपासावं तसा त्याला प्रश्न विचारत होतो.

मग त्याने पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता, इतक्या वेळा उघडून पाहिला असणार. कळव्यात, ठाण्यात कोणी ओळखेल म्हणून चार स्टेशनं पलीकडच्या एका खाजगी लॅबमध्ये जाऊन त्याने एचआयव्हीची टेस्ट करून घेतली होती. त्यावर छापलं होतं, नॉन-रिॲक्टिव्ह. काउंटरवरचा माणूस म्हणाला, सगळं ओके आहे. "सर, म्हणजे झालं ना आता? सुटलो ना मी?"

तो प्रसंग बारा सप्टेंबरचा. टेस्ट सोळाची. आणि आम्ही बोलत होतो ती तारीख तेवीस.

मला उत्तर येत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तोंडावर आला तो उपदेशच. चाळीस वर्षांची सवय! तो कसाबसा गिळला, "उद्या सकाळी घरी ये" म्हटलं आणि घरी आलो. सौ.ला नाव न सांगता सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, चौथ्या दिवशी कसं कळेल? दिवस राहिले तरी चौथ्या दिवशी कळतं का?"

बी.ए.ला मला मराठी होतं. पण एवढं सोपं वाक्य मला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि मी त्याला घेऊन महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात गेलो. अशा केंद्रांना पूर्वी आयसीटीसी म्हणायचे, अजूनही लोक तेच म्हणतात. बाहेर बाकावर एक गरोदर बाई सासूबरोबर बसली होती, एक कॉलेजचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मला उगाच वाटत होतं की सगळे आमच्याकडेच बघताहेत. कोणीही बघत नव्हतं. आतल्या समुपदेशक ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. त्यानेच "सर असू देत" म्हटल्यावर मला थांबू दिलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो ना 'कोणाबरोबर' ना 'का'. विचारलं, "कधी? तारीख सांगा, वेळ आठवत असेल तर वेळही."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. एखादा नवा मुलगा शाळेत येऊन वर्गात बसतो, पण हजेरीपटावर त्याचं नाव चढायला पंधरा-वीस दिवस जातात. तोवर नुसता हजेरीपट पाहिला तर तो मुलगा वर्गात नाहीच, असं कोणीही म्हणेल. आपली नेहमीची टेस्ट रक्तात विषाणू शोधत नाही, तर विषाणूला उत्तर म्हणून शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. म्हणजे ती हजेरीपट वाचते. प्रतिपिंडं सापडण्याइतकी व्हायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. या काळात लागण झालेली असली तरी रिपोर्ट निल येऊ शकतो. सोळा सप्टेंबरच्या त्या कागदाचा अर्थ इतकाच, की बारा तारखेच्या बऱ्याच आधीपासून त्याला काही नव्हतं. बारा तारखेच्या रात्रीबद्दल तो कागद एक अक्षर बोलत नव्हता. आणि हा तो छातीशी धरून फिरत होता!

त्या लॅबचं नाव मी इथे घेणार नाही. पण राग आला. पैसे घेतलेत, रक्त घेतलंत, मग 'घटना कधीची' एवढं विचारायला काय जात होतं? "ओके आहे" म्हणण्याऐवजी "सहा आठवड्यांनी परत या" म्हणायला किती वेळ लागतो?

हल्लीची एक सुधारलेली टेस्ट आहे, तिला चौथ्या पिढीची म्हणतात. ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा पी-२४ नावाचा एक तुकडाही शोधते, त्यामुळे तिला लवकर कळतं. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर साधारण अठरा ते पंचेचाळीस दिवसांत. पंचेचाळीस दिवसांनंतर ती निल आली तर बहुतेक डॉक्टर ते उत्तर पक्कं धरतात. बोटाच्या थेंबावरची किंवा नुसती प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट असेल तर नव्वद दिवस. विषाणूच शोधणारीही एक महागडी टेस्ट असते, म्हणजे हजेरीपट न बघता सरळ बाकावर डोकावणारी. ती दहा ते तेहतीस दिवसांत सांगते. आमच्या पठ्ठ्याला तीच हवी होती, आजच्या आज. ताई म्हणाल्या, "करायची तर करा, पण आज बारावा दिवस. निल आली तरी तुमची सुटका होणार नाही, परत यावंच लागेल. पैसे ठेवा लग्नाला."

मग त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या तीन दिवसांत का नाही आलात?"

हे मला माझ्या सगळ्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. असा प्रसंग घडल्यापासून बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केलं आणि अठ्ठावीस दिवस न चुकता घेतलं, तर लागण बहुतेक वेळा टळू शकते. जितकं लवकर तितकं चांगलं. पहिल्या काही तासांत तर उत्तमच. त्याला पेप म्हणतात. आधी एक टेस्ट करतात ती फक्त पूर्वीची लागण नाही ना हे पाहायला, पण तिच्यासाठी पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. सरकारी हॉस्पिटलांत हे औषध मुख्यतः ज्यांना काम करताना सुई टोचली अशा नर्स-डॉक्टरांसाठी आणि अत्याचार झालेल्यांसाठी ठेवलेलं असतं, पण विचारायला कोणाची मनाई नाही. तिथे नाही मिळालं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाहेर मिळतं. आणि ते घेतलं तर नंतरच्या टेस्टच्या तारखाही पुढे सरकतात, त्या डॉक्टरांकडूनच घ्यायच्या.

म्हणजे बघा, त्याची पहिली रात्र परतीच्या गाडीत गेली. दुसरा दिवस पांघरुणात. तिसरा दिवस मोबाइलवर लक्षणं वाचण्यात. चौथ्या दिवशी धीर करून तो निघाला ते टेस्ट करायला, आणि जे करता येण्यासारखं होतं त्याची वेळ आदल्या दिवशीच संपलेली. ऐकून त्याचा चेहरा असा झाला की ताईंनी लगेच बोलणं वळवलं. समोरची व्यक्ती बाधित होती हेही आपल्याला माहीत नाही, म्हणाल्या. असली तरी ती नियमित औषध घेत असेल आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली आलेला असेल, तर तिच्यापासून संबंधातून लागण होत नाही. आणि औषध घेत नसली, तरी अशा एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या तक्त्यात दहा हजारांत चार दिली आहे; गुप्तरोगाची जखम वगैरे असेल तर वाढते. "बाईला किती?" मी विचारलं. "आठ," म्हणाल्या.

तो आकडा माझ्या डोक्यात राहिला. त्याचं कारण पुढे सांगतो.

घरी येऊन आम्ही भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि पेन्सिलीने तीन खुणा केल्या. पंधरा सप्टेंबर, जी गेलेली. सत्तावीस ऑक्टोबर, पंचेचाळिसावा दिवस. अकरा डिसेंबर, नव्वदावा. खुणा करून झाल्यावर सगळ्यांच्याच लक्षात आलं. लग्न चार डिसेंबरला. नव्वदाव्या दिवसाच्या एक आठवडा आधी.

सौ. चहा घेऊन आली. कपबशा ठेवल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "त्या मुलीला कोणी विचारलंय का?"

आता ते 'आठ' मला का टोचत राहिले, ते. १९९८ सालची गोष्ट आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील ट्रकवर. ते बरेच महिने आजारी होते, पुढे गेले. मग आई आजारी पडली. वस्तीत कुजबुज सुरू झाली आणि एक दिवस चार पालक शाळेत आले. आमच्या मुलांना तिच्या शेजारी बसवू नका. मला माहीत होतं की शेजारी बसून काही होत नाही. कुठेतरी वाचलेलं होतं. तरीही मी काय केलं? तिला खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवलं आणि सांगितलं, "इथे उजेड चांगला येतो." ती काही बोलली नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सगळं कळतं. दिवाळीनंतर मामा आला आणि तिला गावी घेऊन गेला. हजेरीपटावर तिच्या नावावर लाल शाईची रेघ मीच ओढली. त्या आईने आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिला नव्हता, आणि वस्तीतल्या बायका तिच्या घरचं पाणी पीत नव्हत्या.

आज कायदा आहे. २०१७ साली संसदेने केला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने एचआयव्हीच्या कारणावरून शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई केली आहे. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट जाहीर करता येत नाही. तेव्हा हा कायदा नव्हता. पण माझ्याकडे अक्कल असायला कायदा कशाला हवा होता?

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की तेव्हाच, आपल्या पुण्यात, ही गोष्ट कागदावर मांडून झाली होती. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, तिथल्या डॉक्टरांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या माणसांची तपासणी केली. १९९७ साली त्यांचे दोन निबंध अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एकापाठोपाठ छापून आले. एक होता लग्न झालेल्या, नवऱ्याशी एकनिष्ठ असलेल्या बायकांबद्दल. देहविक्रय न करणाऱ्या ज्या बायका दवाखान्यात आल्या त्यांच्यात शंभरातल्या तेरा-चौदा जणींना लागण होती. बहुतेकींचा एकच धोका होता, तो म्हणजे नवरा. तो लिहिणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकरांचं, तेच, जे २०२० साली कोरोनात रोज टीव्हीवर दिसायचे.

दुसरा निबंध आमच्या गोष्टीचा. ज्यांची प्रतिपिंडांची टेस्ट निल आली होती अशांचंच रक्त त्यांनी पुन्हा, पी-२४साठी तपासलं. शंभरात एक-दीड माणूस असा निघाला की त्याच्या अंगात विषाणू होता आणि हातातला रिपोर्ट निल. त्यांच्यात नुकत्याच झालेल्या असुरक्षित संबंधांचा इतिहास, ताप, सांधेदुखी, रात्री घाम ही लक्षणं जास्त होती. शिवाय या सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणूचं प्रमाण खूप असतं, त्यामुळे दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही तेव्हा जास्त. म्हणजे निल रिपोर्ट दाखवून निर्धास्तपणे बायकोजवळ जाण्याची सगळ्यात वाईट वेळ हीच. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी कधी टेस्ट केली होती का, मला माहीत नाही. केली असेल तर कितव्या दिवशी?

ऑक्टोबरच्या तीन तारखेला, म्हणजे एकविसाव्या दिवशी, आमच्या मुलाला ताप आला. रात्री साडेदहाला फोन. "सर, झालं. दोन ते चार आठवड्यांत ताप येतो असं लिहिलंय." आता ऑक्टोबरात आमच्या कळव्यात ताप कोणाला येत नाही? डेंग्यू आहे, मलेरिया आहे, खाडीवरचे डास तर विचारू नका. मी त्याला १०९७ हा सरकारी टोल फ्री नंबर दिला आणि मराठीत बोल म्हटलं. तिकडूनही तेच सांगितलं जे सकाळी डॉक्टरांनी सांगितलं: सुरुवातीच्या लागणीत ताप, घसा, पुरळ, गाठी येऊ शकतात, पुष्कळांना काहीच होत नाही, आणि दुसऱ्या शंभर कारणांनीही तेच होतं. तापावरून 'हो' म्हणता येत नाही आणि ताप नाही म्हणून 'नाही' म्हणता येत नाही. डॉक्टरांना तारीख मात्र खरी सांगायची, म्हणजे ते योग्य ती टेस्ट लिहून देतात. त्याचा ताप चार दिवसांत उतरला. डॉक्टरांनी गरमी आणि काविळीच्या बी प्रकाराचीही रक्ततपासणी सांगितली होती, तीही त्याने केली. एचआयव्हीच्या धास्तीत या दोघांना सगळेच विसरतात.

शाळेत असताना हे सगळं शिकवायची संधी मला चालून आली होती बरं का. एड्सच्या माहितीची पुस्तिका आली, विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. नववीचा वर्ग. मी पुस्तिका वाटल्या आणि म्हणालो, "घरी वाचा. परीक्षेला नाही." मुलं खुदखुदली, मी फळ्याकडे वळलो आणि समास शिकवायला घेतला. २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला, लैंगिक शिक्षणाची पुस्तकं राज्यात थांबवली गेली, तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला सुटकेचा श्वास मी सोडला होता. आणि वर्गात मी र. धों. कर्व्यांबद्दल मोठ्या अभिमानाने बोलायचो! १९२७ पासून १९५३पर्यंत एकट्याच्या बळावर 'समाजस्वास्थ्य' काढलं, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, वगैरे वगैरे. ती उत्तरं कशाबद्दल होती, हे मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही. हा मुलगा त्याच काळात माझ्या नववीत होता. शेवटच्या बाकावर.

असो.

तर सौ.चा तो प्रश्न. त्याचं म्हणणं होतं, सत्तावीसचा रिपोर्ट येऊ दे, निल आला तर सांगायची गरजच काय? माझंही मन थोडं तिकडे झुकत होतं, कबूल करतो. सौ.ने मात्र सोडलं नाही. "रिपोर्ट आल्यावर सांगशील ती बढाई झाली. आत्ता सांगशील ते सांगणं." मी तिच्या घरी जाऊन सांगायचा तर प्रश्नच नव्हता, ते त्याचं होतं, त्यानेच सांगायचं. तीन आठवडे त्याने टाळलं. शेवटी ऑक्टोबरच्या मध्यावर तिला तलावपाळीला घेऊन गेला आणि सांगितलं. ती उठली आणि रिक्षात बसून निघून गेली. आठ दिवस फोन नाही, मेसेज नाही. त्या आठ दिवसांत तो एचआयव्ही विसरला होता!

मग तिचा फोन आला. तिने कुठून कुठून सगळं वाचून काढलं होतं, आणि तिला आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. म्हणाली, पंचेचाळीस दिवसांनंतरची चौथ्या पिढीची टेस्ट कर, रिपोर्टवर टेस्टचं नाव छापलेलं असलं पाहिजे. नव्वदाव्या दिवसानंतर सरकारी केंद्रात दुसरी कर. मीही माझी करून घेते. आणि लग्न जानेवारीच्या शेवटी. घरी तिने सांगितलं की खात्याची परीक्षा डिसेंबरात आली आहे. हॉलचं डिपॉझिट गेलं, तिचे वडील आठवडाभर धुसफुसत होते. "तिने माफ केलं का रे?" मी विचारलं. "विचारायची हिंमत नाही झाली सर."

एकोणतीस ऑक्टोबरला त्याने रक्त दिलं. सत्तेचाळिसावा दिवस. निल. मी म्हटलं, आता तरी नीट जेव. तो म्हणाला, अकरा डिसेंबर होऊ दे. ताई त्याला म्हणाल्या होत्या की हे उत्तर जवळजवळ शेवटचंच समजा, पण आमच्या केंद्रातली किटं प्रामुख्याने प्रतिपिंडांची, त्यामुळे आमच्या हिशेबाने तीन महिने भरू द्या. आणि त्याही पुढे एक गोष्ट त्यांनी शांतपणे सांगितली होती: निल नाही आला, तरी जग बुडत नाही. पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं तर आणखी दोन वेगळ्या किटांवर खात्री करतात, तेव्हाच पॉझिटिव्ह म्हणतात. मग त्याच आठवड्यात औषध सुरू करता येतं. २००४ पासून सरकार ते फुकट देतं आणि २०१७ पासून तर निदान झालं की लगेच, पेशी कमी व्हायची वाट न बघता. माणसं संसार करतात, नोकरी करतात, मुलं होतात आणि ती मुलंही निरोगी असतात. हे ऐकताना मला ती खिडकीजवळची मुलगी आठवत होती. तिच्या आईच्या वेळी यातलं फुकट काहीच नव्हतं.

बारा डिसेंबरला सकाळी आम्ही दोघे पुन्हा त्या बाकावर. थंडी थोडी पडली होती, मी मफलर गुंडाळला होता. तो आत जाऊन रक्त देऊन आला. ताई दारात येऊन म्हणाल्या, "काका, तुम्ही तिसऱ्यांदा येताय. तुम्हीही करून घेता का?"

मी चमकलोच. "मी? या वयात?"

"वयाचं काय आहे त्यात? संमती असेल तरच हं."

आजूबाजूला पाहिलं. या वेळी खरंच दोघे-तिघे आमच्याकडे बघत होते. मग आत गेलो. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, नाव विचारलं, वय विचारलं, चौऱ्याहत्तर सांगितलं. मोठ्या आवाजात सांगितलं. संमती दिली. दंडाला रबराची पट्टी बांधली, रक्त घेतलं, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला. बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसलो. दोघेही हाताची घडी करून, कापूस दाबून. तासा-दीड तासाने एकेकाला आत बोलावलं. त्याला आधी. तो बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता. काही बोलला नाही, नुसता कागद माझ्या हातात दिला. मग मला बोलावलं.

खाली रस्त्यावर येईपर्यंत दोघेही गप्प होतो. टपरीवर दोन कटिंग सांगितले. चहाचा पहिला घोट घेऊन त्याने विचारलं, "सर, तुमचं काय आलं?"

"गोपनीय आहे," मी म्हणालो.

सप्टेंबरपासून पहिल्यांदाच तो असा हसला की टपरीवाल्याने वळून पाहिलं.